कुंथूअण्णांचा नेम

आमच्या कंपनीला सद्वर्तनाचा झटका आला तो परदेशी गिऱ्हाइकामुळे. आपणहून असलं काही सुचण्याइतके आम्ही रिकामे नव्हतो. निपाणीच्या बाहेर, हायवेला लागून आमचा पुठ्ठ्याची खोकी करायचा कारखाना आहे. मालक धवलसाहेब. त्यांच्या वडिलांच्या काळात इथं तंबाखूची वखार होती. वखार गेली, मशिनं आली, पण भिंतींतला वास काही गेला नाही. नवा माणूस ऑफिसात आला की आधी शिंकतो आणि मग नमस्कार करतो. मी इथं डिस्पॅचला आहे. घर बेळगावात शहापूरला, खोली निपाणीत, आणि स्वभाव मीटिंगांना न मानवणारा.

तर गिऱ्हाइकानं कळवलं की खोकी चांगली आहेत, पण खोकी करणारे चांगले आहेत का ते आम्हाला बघायचंय. पर्यावरण, समाज आणि स्वच्छ कारभार, या तिन्हींबद्दल तुमची वचनबद्धता काय? साहेब पुण्याला शिकून आलेले. त्यांनी लगेच बेळगावहून शाल्मली नावाची एक हुशार मुलगी नेमली, तिला एक खोली दिली आणि खोलीच्या दारावर पानाफुलांची चित्रं लावली. पोरगी मनापासून काम करणारी होती. वाईट एवढंच, की तिच्यामुळे आम्हाला दर सोमवारी मीटिंग लागली.

आता कुंथूअण्णांकडे येतो, कारण ही गोष्ट त्यांची आहे. कुंथुनाथ मगदूम, आमचे स्टोअरकीपर. बोरगावचे. साठीच्या अलीकडचे, अंगानं काटक, पांढरा शर्ट, खांद्यावर नेहमी एक जाड सुती फडकं. हे फडकं घाम पुसायला नसून पाणी गाळायला असतं. तरुणपणी स्तवनिधीला एका जैन महाराजांपुढं त्यांनी नेम घेतला होता: पाणी गाळून प्यायचं, आणि गाळताना फडक्यावर जे बारीक जीव राहतात ते ज्या पाण्यातले त्याच पाण्यात परत सोडायचे. त्याला ते जिवाणी म्हणतात. वखारीच्या मागं एक जुना आड आहे. अण्णा रोज तिथं पाणी ओढायचे, गाळायचे, मग फडकं उलटं करून गाळलेल्याच पाण्यानं अलगद धुवायचे आणि ते पाणी पोहऱ्यात घालून पुन्हा आडात सोडायचे. वरून ओतायचं नाही, जिवांना मार लागतो. त्यांच्या पोहऱ्याला बुडाशीही एक कडी होती. पोहरा पाण्याला टेकल्यावर दोराला हिसका दिला की तो हळूच उलटा व्हायचा. गाळलेलं पाणीही दोन घटका चालतं, मग पुन्हा गाळायचं. त्यामुळे दिवसातून कितीदा तरी स्टोअरच्या दाराला कडी, बाहेर ट्रकवाला बोंबलतोय आणि अण्णा आडावर, हे दृश्य ठरलेलं. मी कितीदा चिडलोय याचा हिशेब नाही.

चिडून उपयोग नसायचा. ‘‘अण्णा, गाडी थांबलीय!’’ म्हटलं की ते शांतपणे म्हणायचे, ‘‘थांबू दे की. तिला काय जीव हाय?’’

एके सोमवारी सगळ्यांना अंगणात उभं केलं. गेटवर नवा फलक लागला होता, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत. शाल्मली एकेक वाक्य सांगायची आणि आम्ही हात पुढं करून शाळेतल्यासारखं म्हणायचो: मी वीज वाया घालवणार नाही, मी कुणाशी भेदभाव करणार नाही, मी लाच घेणार नाही आणि देणार नाही, मी सतत प्रगतीचा ध्यास घेईन. सगळे झोपेत म्हणाले तसं मीही म्हणालो. अण्णांचं तोंड मात्र मिटलेलं.

कार्यक्रम संपल्यावर ते शाल्मलीकडे गेले. ‘‘बाई, ह्यो नेम केवढ्या मुदतीचा?’’

‘‘म्हणजे?’’

‘‘आजन्म का चातुर्मासापुरता? मुदत बांधल्याबिगर नेम घेऊ ने. आणि पयले तीन मी घेतो, लाचंचा तर माझा हायच. पर शेवटचा मला झेपायचा न्हाय. ध्यास कमी व्हावा म्हणून मी रोज मंदिरात जातो, आणि तुमी वाढवा म्हणतासा.’’

शाल्मलीला हसू आलं, पण तिनं ते दाबलं. २०३०पर्यंत मुदत आहे, म्हणाली. अण्णांनी मान डोलावली, घरी जाऊन एक दिवस विचार केला, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या खोलीत जाऊन, चपला बाहेर काढून, तीन नेम घेतले. ती बिचारी खुर्चीतून उठून उभी राहिली. आता आशीर्वाद द्यायचा असतो की काय ते तिला कळेना.

त्या सोमवारी आणखी एक गोष्ट झाली होती. कंपनीच्या वतीनं धवलसाहेबांनी सगळ्यांसमोर हात पुढं करून एक वेगळं वचन घेतलं होतं: हा कारखाना जमिनीखालचं पाणी उपसणार नाही, आजपासून. टाळ्या झाल्या. सगळ्यात जोरात अण्णांनी वाजवल्या. मालकानं एवढ्या लोकांसमोर नेम घेतला याचं त्यांना फार कौतुक वाटलं. आपण ज्यातलं पाणी पितो तो आडही जमिनीतच आहे, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. संध्याकाळी आडावर लोखंडी जाळी बसली, जाळीला कुलूप लागलं, आणि कुलपाची किल्ली साहेबांच्या टेबलाच्या खणात गेली. जाळीवर तुळशीच्या दोन कुंड्याही ठेवल्या, फोटोसाठी.

दुसऱ्या दिवसापासून भरमूचा टेम्पो पाण्याचे जार घेऊन यायला लागला. निळे, गोल, झाकणावर डोंगराचं चित्र. आमच्या भागात असा बर्फाचा डोंगर कुठं आहे हे भरमूलाही ठाऊक नसणार.

अण्णांनी जारचं पाणी फडक्यातून गाळलं. ‘‘अण्णा, हे मशीननं गाळलेलं आहे,’’ मी म्हणालो. ‘‘यात जीव कसले, चवसुद्धा उरलेली नाही.’’

‘‘मशीनचा नेम मशीननं पाळावा. माझा मी पाळतो. मला एवढंच सांगा उपेंद्र, हे पाणी कुठलं? जिवाणी सोडायची कुठं?’’

हे कुणालाच माहीत नव्हतं. भरमूला विचारलं तर तो म्हणाला, ‘‘आमचं मालक देत्यात, मी भरतो.’’ शाल्मलीनं पाण्याच्या ठेकेदाराला दोनदा फोन केला. त्यानं दोन्ही वेळा ‘बाहेरचा सोर्स’ एवढंच सांगितलं. मग अण्णांनी फडकं घडी करून खांद्यावर टाकलं आणि कारखान्यात पाणी पिणंच सोडलं.

चैत्र संपत आला होता. पत्र्याच्या शेडमध्ये आमची डोकी तापायची. अण्णा सकाळी बोरगावहून पिऊन निघायचे ते दिवस मावळायच्या आत घरी पोचून पुन्हा प्यायचे. मधे थेंब नाही. घरून आणा म्हटलं, तर ते इथं पुन्हा गाळायला लागणार, त्याची जिवाणी घरच्याच आडात, आणि ती साठवून ठेवायची नाही. सुटी घ्या म्हटलं, तर तब्येत बरी असताना सुटी कशाला. आणि तब्येत बरी नव्हतीच. मागं त्यांना मुतखडा झाला होता आणि डॉक्टरांनी पाणी भरपूर प्यायची तंबी दिली होती. अण्णांच्या बायकोचा, त्रिशलावहिनींचा, मला फोन आला, ‘‘उपेंद्रभावजी, ह्यांचे ओठ फुटल्यात. काल कमरंत कळ आलती. तुमचं तरी ऐकतील बगा.’’

मला अण्णांचा मनस्वी राग आला. चांगला शहाणा माणूस असा हट्टानं मरायला निघालेला बघवत नाही. मी स्टोअरमध्ये जाऊन सरळ सांगितलं, ‘‘साहेबांकडे जा आणि कुलूप काढा म्हणा. तुमचं ते ऐकतील. त्यांच्या वडिलांनी तुम्हाला ठेवलंय.’’

‘‘न्हाय बा. त्येंनी नेम घेतलाय. माझ्या तहानंसाठी त्येंचा नेम मोडायचा व्हय?’’

तो नेम नसून गिऱ्हाइकाला दाखवायचा फलक आहे, हे माझ्या जिभेवर आलं होतं. पण अण्णांचा चेहरा बघून मी ते गिळलं. शेवटी म्हणालो, ‘‘मग पाणी कुठलं ते तरी शोधू. बसा गाडीवर.’’

तो ऑडिटचा दिवस होता. गिऱ्हाइकानं नेमलेले ऑडिटर सकाळीच आले होते, त्यामुळे आम्ही कुठं जातोय ते बघायला कुणाला वेळ नव्हता. भरमू रिकामे जार भरून निघाला, आणि त्याच्या मागं माझ्या मोटरसायकलवर आम्ही दोघं. मागं अण्णा, हातात झाकलेला तांब्या. त्या दिवशीच्या जारमधलं पाणी गाळून जिवाणी त्यांनी बरोबरच घेतली होती, आज त्या पाण्याचं घर सापडणारच या हिशेबानं.

टेम्पो हायवेला लागला. पुलाखालून वळला. बस स्टँडाच्या बाजूनं गेला, बाजारात अडकला, भरमूनं एका ठिकाणी चहा घेतला. आम्ही उन्हात उभे. मग टेम्पो मागच्या कच्च्या रस्त्याला लागला, उसाच्या कडेनं हेलकावे खात निघाला, आणि एका पत्र्याच्या शेडपुढं थांबला. शेडमध्ये मोटर घरघरत होती. मी गाडी लावली आणि मान वर केली. शेडच्या पाठीमागं एक उंच भिंत होती. भिंतीवर काचेचे तुकडे, त्यावरून डोकावणारं आमच्या वखारीचं कौलारू छप्पर.

‘‘भरमू, हे कुठं आलो रे आपण?’’

‘‘तुमच्या कारखान्याच्या मागं की, साहेब.’’

‘‘आणि पाणी?’’

‘‘हितल्या बोरचं. तुमच्या आडाच्या अंगालाच पाडलंय. ही मोटर चालू झाली की तुमच्या आडाचं पाणी खाली जातंय, रविवारी बंद असली की चढतंय. मी भितीवरनं बगतोय की.’’

‘‘मग एवढा वळसा घालून आणतोस?’’

भरमूनं माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. ‘‘रस्ताच तसा हाय. भितीला दार पाडा, मिनटात आणून देतो.’’

मी हसायला लागलो ते मला आवरेना. आमच्याच आडाचं पाणी भिंतीपलीकडून उपसून, प्लास्टिकमध्ये भरून, डिझेल जाळून, अख्ख्या निपाणीची वरात काढून आम्ही ते परत आणत होतो आणि त्याला उपसाबंदी म्हणत होतो. कुलूप लागल्यापासून आडाला उलट जास्तच ओढ लागली होती. ठेकेदार काही खोटं बोलला नव्हता. भिंतीच्या बाहेरचाच सोर्स होता तो.

मला वाटलं, अण्णा संतापतील. इतके दिवस माणूस कशासाठी सुकला! पण त्यांच्या चेहऱ्यावर हरवलेलं मूल सापडल्यासारखा आनंद. ‘‘उपेंद्र, आपलंच पाणी म्हणायचं की हे! मग जिवाणी आपल्याच आडात.’’ आणि मग एकदम चेहरा उतरला. ‘‘आरं, पर मग साहेबांचा नेम... त्येंचा नेम रोज मोडतोय की रं. त्येस्नी ठावच न्हाय. चल, चल लवकर.’’

मी म्हणालो, ‘‘अण्णा, आज ऑडिटर आलेत. उद्या सांगू.’’

‘‘मोडल्यालं कळल्यावर उद्यापतूर थांबत्यात व्हय?’’

कारखान्यात पोचल्यावर मी गाडी लावेपर्यंत अण्णा मीटिंगच्या खोलीच्या दारात. मी मागून धावलो. आत धवलसाहेब, शाल्मली आणि ऑडिटर. ऑडिटर रुमालानं नाक पुसत होते. तंबाखूनं त्यांचंही स्वागत केलेलं होतं. पडद्यावर निळ्या थेंबाचं चित्र आणि त्याखाली भूजल उपशाचं मोठं शून्य.

‘‘साहेब, आडाची किल्ली पायजे,’’ अण्णा म्हणाले.

‘‘अण्णा, नंतर. पाहुणे आहेत.’’

‘‘जिवाणी हातात हाय, साहेब. नंतर न्हाय जमत.’’

ऑडिटरनी इंग्रजीत विचारलं, हे कोण, काय म्हणतायत? साहेब इंग्रजीतच म्हणाले, आमचे जुने कर्मचारी, धार्मिक आहेत, त्यांची एक पूजा असते. पाहुण्यांना मराठी कळत नाही याचा साहेबांना आधार वाटला असावा. पण ऑडिटर मूळचे हुबळीकडचे. ते अण्णांकडे वळून सरळ कन्नडमध्ये म्हणाले, काय आहे सांगा, अण्णा. आणि बोरगावच्या माणसाला कन्नड शिकवायला थोडंच लागतं! अण्णांनी तांब्या टेबलावर ठेवला आणि अस्खलित कन्नडमध्ये सगळं सांगितलं. आड, जाळी, जार, टेम्पो, बाजारातला चहा, भिंत, बोर. चहासुद्धा सोडला नाही. वर हेही सांगितलं, की यात साहेबांचा काही दोष नाही, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, माणूस नेमाचा पक्का आहे.

ही शिफारस ऐकताना साहेबांचा चेहरा असा झाला होता, की मला कुठं बघावं कळेना. शाल्मलीनं मान खाली घातली. मग तिनंच उठून पडद्यावरचं चित्र बंद केलं आणि म्हणाली, ‘‘सर, हा आकडा बरोबर नाही. तो आम्ही मागे घेतो.’’ मला ती पोर त्या क्षणी फार आवडली. नोकरीला लागून तिला वर्षही झालेलं नव्हतं.

साहेबांनी आपल्या टेबलाच्या खणातून किल्ली आणून दिली. अण्णांनी जाऊन कुंड्या बाजूला केल्या, कुलूप काढलं, जिवाणी आडात सोडली, पाणी ओढलं, गाळलं आणि पायरीवर बसून तांब्याभर प्यायले. ऑडिटर खिडकीतून बघत होते. त्यांनी काही कौतुक वगैरे केलं नाही. पाण्याच्या बाबतीत आम्हाला गुण द्यायचे तेवढेच दिले, म्हणजे जवळजवळ नाहीतच, आणि सहा महिन्यांनी पुन्हा येतो असं सांगून गेले.

ते गेल्यावर साहेबांनी आम्हा दोघांना आत बोलावलं. मी मनातल्या मनात शहापूरला परत जायची तयारी केली.

‘‘अण्णा,’’ साहेब म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त वाईट वाटलं. ‘‘मला एकट्याला सांगता आलं नसतं?’’

‘‘तुमास्नी एकट्यालाच सांगायला आलतो साहेब. तिथं पाहुणे होते, त्येंनी इचारलं. इचारल्यावर कसं न्हाय म्हणायचं?’’

‘‘अहो, त्या लोकांसमोर... केवढी नाचक्की झाली.’’

अण्णांना हे खरंच समजेना. ‘‘नाचक्की कशाची? तुमचा नेम मोडत होता, तो आज कळला. न कळता आणिक सहा म्हयने मोडला असता.’’

‘‘अण्णा, तो नेम नव्हता हो!’’ साहेब जरा ओरडलेच. ‘‘ती कमिटमेंट होती. कंपनीची. कागदावरची.’’

‘‘हात पुढं करून म्हटलंसा की, सगळ्यास्नी साक्ष ठिवून,’’ अण्णा म्हणाले. ‘‘म्हणून तर मी इतके दिवस पाणी मागितलं न्हाय तुमच्याकडं.’’

साहेबांनी एकदम वर बघितलं. अण्णा पाणी पीत नाहीत हे त्यांना माहीतच नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी मान डोलावली. फुटलेले ओठ तर समोरच होते.

मग साहेब हळू आवाजात म्हणाले, ‘‘नेम मोडला तर काय करतात, अण्णा?’’

‘‘परायश्चित्त घेत्यात. एक दिस उपास करायचा, आणि नेम परत घ्यायचा. पयल्यापरास ल्हान घ्यावा, झेपंल येवढा. पर मोडला म्हणून टाकायचा नसतोय.’’

आम्ही बाहेर आलो. त्या दुपारी कँटीनच्या जयाबाईंनी साहेबांच्या खोलीत ताट नेलं ते तसंच परत आलं. आमटी बिघडली असेल म्हणून जयाबाईंनी ती दोनदा चाखून बघितली आणि मलाही चाखायला लावली. आमटी उत्तम होती.

संध्याकाळी अण्णा नेहमीप्रमाणे दिवस मावळायच्या आत निघाले. मी गेटवर ट्रकाची पावती करत होतो. साहेब ऑफिसातून बाहेर आले, अण्णांच्या स्कूटरपाशी थांबले, इकडंतिकडं बघितलं. लहानपणी याच अंगणात वाढलेला माणूस. पुण्याचं सगळं बोलणं त्यांच्या तोंडून गळून पडलं होतं.

‘‘अण्णा, उपासाला पाणी तरी चालतंय न्हवं?’’

‘‘चालतंय की,’’ अण्णांनी स्कूटर चालू केली. ‘‘कुठलं हाय, तेवढं इचारून प्या.’’